धरून कधी ठेवावं, सोडून कधी द्यावं

'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे' ही ओळ भिंतीवर नाही अशी शाळा आपल्याकडे शोधावी लागेल. गंमत अशी की, भर्तृहरीच्या नीतिशतकातल्या ज्या श्लोकाचा हा वामन पंडितांनी केलेला मराठी अवतार आहे, तो चिकाटीचं कौतुक करायला लिहिलेलाच नाही. वाळू रगडून एखादवेळी तेल निघेल, मृगजळाचं पाणी पिता येईल, हिंडता हिंडता सशाचं शिंगही सापडेल, पण हट्टाला पेटलेल्या मूर्खाची समजूत कुणालाच घालता येणार नाही, असं तो श्लोक सांगतो. ती अशक्य गोष्टींची यादी आहे. आपण तिची पहिली ओळ उचलली आणि सुविचार म्हणून फळ्यावर लिहिली.

आपल्याकडे 'प्रयत्नांती परमेश्वर' आहे आणि 'अति तेथे माती'ही आहे. कुठली म्हण काढायची ते निकाल लागल्यावर ठरतं. बोअरला पाणी लागलं की गाव म्हणतं, पठ्ठ्यानं जिद्द सोडली नाही. कोरडा गेला की तेच गाव म्हणतं, आम्ही सांगत होतो, ऐकतो कुठं! माणूस तोच, निर्णयही तोच. मग निकाल लागायच्या आधी, हातात अर्धीमुर्धी माहिती असताना, चालू ठेवायचं की थांबायचं हे कसं ठरवावं? अर्थशास्त्र, मानसशास्त्र आणि चक्क जीवशास्त्र गेली पन्नास वर्षं या प्रश्नाच्या मागे लागलेलं आहे. त्यातलं कामाचं तेवढं आपल्या शिवारातल्या उदाहरणांवरून बघू.

मशीन चालू असताना

मार्च-एप्रिलमध्ये गावात बोअरची गाडी येते. यातल्या बऱ्याच गाड्या तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडेच्या. पाणाड्यानं तळहातावर नारळ धरून जागा दाखवलेली असते. भाव फुटावर ठरतो आणि खोली वाढते तसा फुटाचा दरही वाढत जातो. वरचा मुरूम संपतो, केसिंगचा पाइप उतरतो, मग काळा दगड लागतो आणि राखाडी भुकटी उडायला लागते. पांढरी टोपी, पांढऱ्या मिशा, सगळ्यांवर पिठासारखा थर.

"आप्पा, तीनशे झाले. बंद करायचं का?"

"आरं, आता कसं बंद करावं? इतका पैसा घातला. जाऊ दे अजून शंभर."

चारशेवर हेच बोलणं होतं, पाचशेवरही होतं. फरक इतकाच की, दर खेपेला आप्पांचं कारण आणखी मजबूत होत जातं, कारण घातलेला पैसा वाढलेला असतो.

इथं पहिली चूक आहे. तीनशे फुटांचे पैसे गाडीवाल्याला द्यायचेच आहेत, थांबलात तरी आणि पुढं गेलात तरी. दोन्ही वाटांवर जो खर्च सारखाच आहे तो वाट निवडायला उपयोगाचा नाही. अर्थशास्त्रात याला बुडीत खर्च म्हणतात. हा हिशेब शाळकरी पोरालाही कळतो, पण वेळ आली की भल्याभल्यांना जमत नाही. हाल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर या दोघांनी १९८५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात हंगामाची तिकिटं घेणाऱ्यांपैकी काहींना पूर्ण किमतीला, म्हणजे १५ डॉलरला तिकीट दिलं, काहींना न मागता सूट देऊन १३ आणि ८ डॉलरला. कुणाला काय मिळेल हे निव्वळ योगायोगानं ठरलं. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. तरी हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण किंमत मोजलेले लोक जास्त नाटकांना आले. पैसे वसूल करायला!

दुसरी चूक जास्त बेरकी आहे. 'इतकं खाली गेलो, आता लागेलच.' समजा तुमच्या अंगातल्या कपड्यांना पाच खिसे आहेत आणि किल्ली त्यातल्याच एकात आहे हे नक्की आहे. चार खिसे रिकामे निघाले तर पाचव्यात ती असणारच. इथं प्रत्येक अपयश तुम्हाला यशाच्या जवळ नेतं. पण जमिनीखाली पाणी असलंच पाहिजे असा करार कुणी केलेला नाही. मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसाल्टवर बसलाय. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो बनला. या दगडात पाणी धरायला जागा कमी. वरचा कुजलेला मुरूम, भेगा आणि दोन थरांमधले सांधे, एवढ्यात काय ते पाणी. खाली जावं तशा भेगा कमी आणि घट्ट होत जातात. म्हणजे पाचशे फूट कोरडे गेले तर सहाव्या शंभराकडून आशा वाढत नाही, कमी होते. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यानं ६० मीटर, म्हणजे जवळपास दोनशे फूट, ही खोल विहिरीची रेघ धरली आहे. त्याहून खाली शेतीसाठी खोदायला मनाई आहे. गाड्या कुठवर जातात ते सगळ्यांना माहीत आहे, त्यावर जास्त बोलत नाही.

आणि मग येतो शेजारी. 'त्यांना सातशेवर दोन इंची लागलं.' लागलं असेलही. पण सातशेवर पाणी लागलेला माणूस बारा गावांत सांगतो, आणि सातशेवर कोरडा गेलेला त्या भोकावर दगड ठेवून गप बसतो. आपल्या कानावर येणारा नमुनाच एकतर्फी असतो. शिवाय इतक्या खोलवरचं पाणी जुनं, साठलेलं असतं. पावसानं ते लवकर भरून निघत नाही. दोन उन्हाळ्यांत मोटर हवा ओढायला लागते ती त्यामुळेच. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा त्या भागात बोअरची काही कमी नव्हती.

हे सगळं कळूनही थांबणं जड का जातं? डॅनियल काहनमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेला मुद्दा असा की, हजार रुपये मिळाल्याचा आनंद आणि हजार रुपये गेल्याचं दुःख यांचं वजन सारखं नसतं. दुःख भारी पडतं. मशीन चालू आहे तोवर पैसा घातलेला आहे, बंद केलं की तो बुडालेला होतो. ती घडी पुढं ढकलायला माणूस आणखी पैसा घालतो. शंभर फूट पाण्यासाठी कमी आणि बुडालेल्या पैशाचं तोंड बघायला लागू नये म्हणून जास्त खोदले जातात.

म्हणून यावरचा सगळ्यात उपयोगी इलाज मशीन येण्याच्या आधीचा आहे. हद्द घरात बसून, दिवसाउजेडी, घरच्या बाईमाणसासमोर ठरवायची. नुसता आकडाही पुरत नाही, आकड्याबरोबर खूण ठरवायची. दोनशेपर्यंत ओल दिसली नाही तर बंद, एवढं स्पष्ट. आणि हे अशा कुणाला तरी सांगून ठेवायचं ज्याचा या व्यवहारात फायदा नाही. गाडीवाल्याला पैसे फुटावर मिळतात. 'जायचं का अजून?' हे त्याला विचारणं म्हणजे दुकानदाराला 'घेऊ का?' विचारणं झालं. पाणाड्याचंही तेच, त्याचं नाव पणाला लागलेलं असतं. रात्री दीड वाजता, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात, चार जण बघत असताना कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. तेव्हा विचार करायचाच नाही, आधी केलेला विचार पाळायचा.

(बोअर सोडून दिला तर तो खालपासून वरपर्यंत माती-वाळू-दगडानं भरून टाकायचा असतो. मुलं पडून झालेल्या अपघातांनंतर सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये तसे निर्देश दिलेत. वर पोतं टाकून चालत नाही.)

कशाच्या तुलनेत?

मागचं विसरलं की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे पुढच्या पावलाची तुलना नेमकी कशाशी करायची.

उदाहरणार्थ कापसाची फरदड, म्हणजे वेचण्या संपल्यावरही पाणी देऊन तेच पीक पुढं चालू ठेवणं. डिसेंबरअखेर वेचण्या संपतात. विहिरीला थोडं पाणी असतं, पऱ्हाटी अजून हिरवी असते. एक पाणी दिलं तर नवी पाती-फुलं लागतील, दोन क्विंटल तरी निघेल, फुकटच की! हिशेब चुकतो तो इथं. तुलना शून्याशी केली तर जगातली कुठलीही गोष्ट चालू ठेवण्यासारखी दिसते. तुलना करायची ती त्याच रानात, त्याच पाण्यावर, त्याच मजुरीत दुसरं काय झालं असतं याच्याशी: उन्हाळी तीळ, उन्हाळी भुईमूग, किंवा काहीच न करता रान नांगरून तापू देणं आणि विहिरीतलं पाणी जनावरांना ठेवणं. फरदडीच्या बोंडातून निघते ती बरीचशी कवडी, म्हणजे डागाळलेला हलका कापूस, तिला भावही तसाच. आणि गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत खायला-राहायला जागा मिळते ती वेगळीच. २०१७ च्या हंगामात या अळीनं राज्यात काय केलं ते कापूसवाल्यांना सांगायला नको. फरदड घेऊ नका असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो ते अळीची साखळी तुटावी म्हणून. चालू ठेवण्याची किंमत पुष्कळदा पुढचा हंगाम किंवा शेजारचा बांध मोजतो, म्हणून ती आपल्या वहीत दिसत नाही.

जीवशास्त्रज्ञ एरिक चार्नोव यांनी १९७६ मध्ये चारा शोधणाऱ्या प्राण्यांबद्दल एक नियम मांडला. एका झुडपावरची फळं संपेपर्यंत थांबणं शहाणपणाचं नाही. तिथं मिळण्याचा वेग आजूबाजूच्या सरासरीइतका खाली आला की निघायचं, जाण्यात जाणारा वेळ धरून. दुसरं झुडूप लांब असेल तर जास्त थांबायचं, जवळ असेल तर लवकर उठायचं. ऊसवाले हेच करतात, फक्त त्याला नियम म्हणत नाहीत. लागणीनंतर खोडवा घेतात, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतूनच दुसरं पीक, कारण बेणं आणि लागणीचा खर्च वाचतो. त्यापुढच्या पिकाला, निडव्याला, उतारा आणखी पडतो. मग एका वर्षी ऊस मोडतात. तेव्हा फडात ऊस नसतो असं थोडंच आहे! असतो, पण नव्या लागणीच्या मानानं कमी असतो.

उलटी चूक

आतापर्यंत वाचून वाटेल की लोक फार चिकटून राहतात, एवढाच रोग आहे. तसं नाही. फार लवकर सोडणारेही तितकेच आहेत, फक्त त्यांच्याबद्दल गावात चर्चा होत नाही. मराठवाड्यात तुती लावून रेशीम कोष घेणारे पुष्कळ शेतकरी झालेत, जालन्यात कोषांची बाजारपेठही उभी राहिली. शासकीय योजनेतून शेड उभारून पहिल्या बॅचनंतर तुती उपटणारेही आहेत. तुतीच्या पाल्यावर वाढणाऱ्या रेशमाच्या अळ्या चार वेळा कात टाकतात आणि जवळपास महिनाभरात कोषावर येतात. या महिन्यात तापमान चोवीस ते अठ्ठावीस अंशांच्या आसपास आणि हवेत पुरेसा ओलावा लागतो. शेड आधी नीट निर्जंतुक केलेलं नसेल, पाला ओला पडला, उन्हाळ्यात पत्रा तापला, की अळ्या रोगानं जातात. सगळी बॅच डोळ्यांदेखत काळी-पिवळी पडते आणि माणूस म्हणतो, हे आपल्या भागात होत नाही.

इथं बोअरची हद्द लावली तर चुकेल. मी तरी पहिला प्रश्न हा विचारतो: अपयशाचं कारण कळलंय का, आणि ते आपल्या हातात आहे का? शेडमध्ये चुना-ब्लिचिंग केलं नव्हतं हे कळलं तर पुढची बॅच हा नवा प्रयत्न आहे, जुन्याची नक्कल नाही. तिथं टिकून राहावं. कारणच कळत नसेल, किंवा कळूनही हाताबाहेर असेल, जसा खालचा दगड, तर तेच पुन्हा करणं म्हणजे मटक्याचा आकडा लावणं. माझ्या मते किती वेळा हरलो यापेक्षा प्रत्येक वेळी वेगळ्या कारणानं हरतोय की त्याच, हे जास्त बोलकं असतं.

काही कामांत तर सुरुवातीला काही न मिळणं हाच कामाचा स्वभाव असतो. मोसंबी पाचव्या-सहाव्या वर्षी धरते. तिसऱ्या वर्षी फळ नाही म्हणून बाग तोडणाऱ्याला कुणी शहाणा म्हणणार नाही. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीत नव्वदच्या दशकात पाणलोटाची कामं सुरू झाली. चर खणले, बांध घातले. द्राक्षबागांचं गाव म्हणून नाव झालं ते नंतर. पण अशा कामातही मधल्या खुणा असतात. माती अडली का, विहिरीची पातळी हिवाळ्यात किती दिवस टिकली. शेवटचं फळ उशिरा येणार असेल तर मधल्या खुणा आधीच ठरवून ठेवाव्या लागतात. नाहीतर 'वेळ लागतो' हे वाक्य कुठल्याही फसलेल्या कामावर पांघरूण घालायला वापरता येतं.

अर्धं सोडणं

धरणं आणि सोडणं यांच्या मध्ये एक मोठा पट्टा आहे आणि माझ्या बघण्यातले बहुतेक चांगले निर्णय तिथं झालेले आहेत. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना, औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) भागात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या. टँकरनं पाणी घालून काहींनी फळासकट बाग जगवायचा प्रयत्न केला. काहींनी सरळ कुऱ्हाड लावली. तिसऱ्या काहींनी बहार सोडला आणि झाड धरलं: फळं काढून टाकायची, हलकी छाटणी करायची, खोडाला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट, बुडाशी पाचटाचं आच्छादन, पानांवर केओलिन ही पांढरी माती फवारून बाष्पीभवन कमी करायचं, आणि मिळेल ते पाणी झाड मरणार नाही एवढ्यापुरतं द्यायचं. उत्पन्न शून्य. पण पाऊस आल्यावर बाग होती.

परत फिरता येणारा निर्णय आणि परत न फिरता येणारा निर्णय एका मापानं मोजू नयेत. बहार सोडला तर एक वर्ष जातं, बाग तोडली तर पुन्हा पाच-सहा. म्हणून तोडायच्या आधी थांबून बघण्यालाच किंमत आहे, आणि ती किंमत हिशेबात धरायला हवी. मात्र त्या थांबण्यालाही मर्यादा असते. प्यायच्या पाण्याला टँकर लागलेला असताना बागेला टँकर, हे गणित बसत नाही. तेव्हा सगळी बाग वाचवायच्या नादात सगळीच घालवण्यापेक्षा, जुनी, डिंक्या रोग लागलेली झाडं आधी सोडून तरणी राखलेली बरी.

आता पोरांचं

हे सगळं सगळ्यात अवघड होतं ते स्पर्धा परीक्षेत. कारण तिथं पैशाबरोबर वय गेलेलं असतं आणि 'साहेब होणार' हे नाव गावात आधीच पडलेलं असतं. यूपीएससीला खुल्या गटात वयाची अट ३२ आणि सहा प्रयत्न, ओबीसींना ३५ आणि नऊ, अनुसूचित जाती-जमातींना ३७ पर्यंत प्रयत्नांची मर्यादा नाही. राज्यसेवेला खुल्या गटात वय ३८ पर्यंत चालतं, मागासवर्गीयांना ४३ पर्यंत. या आयोगाच्या हद्दी आहेत. गंमत म्हणजे, बहुतेक पोरं आयोगाची हद्द हीच आपली हद्द धरून चालतात. आयोगानं ती कायद्यासाठी घातली आहे. तुमचं घर, तुमची बहीण, तुमची तीन एकर बघून घातलेली नाही.

अभ्यासिकेतल्या पोरानं वर्षाच्या सुरुवातीला, निकालाच्या रडारडीआधी, दोन ओळी लिहून ठेवाव्यात. कटऑफपासून किती अंतरावर आहे, आणि ते अंतर पुढच्या निकालात किती कमी झालं नाही तर पूर्ण वेळ तयारी बंद. अंतर आटत असेल तर चालू ठेवण्यात अर्थ आहे. तीन निकालांत ते तिथंच असेल तर काय बदलणार आहे हे सांगता यायला हवं. 'या वेळी मन लावून करतो' हे उत्तर धरू नये. खेळाचे नियम बदलले तर मात्र जुने आकडे बाद करावे लागतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. चार पर्यायांतून खूण करण्यात हुशार असलेल्याला आणि लिहिण्यात हुशार असलेल्याला, दोघांनाही आपला अंदाज नव्यानं बांधावा लागतो.

अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेविट यांनी एक धाडसी प्रयोग केला. नोकरी सोडू का, नातं तोडू का, अशा प्रश्नांवर अडलेल्यांना त्यांनी इंटरनेटवर नाणं उडवायला लावलं. वीस हजारांहून जास्त वेळा नाणं उडालं. सहा महिन्यांनी विचारलं तेव्हा मोठ्या निर्णयांत, बदल करणारे लोक न करणाऱ्यांपेक्षा जास्त समाधानी निघाले. यावरून सगळ्यांनी सगळं सोडावं असं कुणी काढू नये, कारण नाणं उडवायला आलेले लोक मुळातच कुंपणावर बसलेले होते. पण कुंपणावरच बसला असाल, महिनोन्‌महिने दोन्ही पारडी सारखीच वाटत असतील, तर तुम्ही कदाचित सोडायला आधीच उशीर केलेला आहे.

आणि सोडून जायचं कुठं? कार्स्टन व्रॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ पासून यावर बरंच काम केलं. हाती न लागणारं उद्दिष्ट सोडता येणं मनाला हलकं करतं, पण नवं काहीतरी हाती धरणारे जास्त सावरतात, असं त्यांच्या अभ्यासांत दिसलं. म्हणून 'सोड आता ते' असं पोराला सांगणारा काका फारसा उपयोगाचा नाही. तलाठी, कृषी सेवक, बँकेची परीक्षा, किंवा गावाकडं शेळ्यांचा गोठा, जे काही असेल ते पूर्ण वेळ तयारी चालू असतानाच अर्धं उभं केलेलं असलं तर सोडणं सोपं जातं. चार्नोवच्या प्राण्यासारखंच, दुसरं झुडूप जवळ असेल तर उठायला वेळ लागत नाही. परभणीच्या, लातूरच्या अभ्यासिकांत अशी पोरं सापडतात: सकाळी ग्रामपंचायतीत ऑपरेटरचं काम, संध्याकाळी सहा ते अकरा खुर्ची. त्यांना 'सिरियस नाही' म्हणून हिणवतात. मला तर त्यांचाच हिशेब सगळ्यात सरळ वाटतो. खोलीभाडं आणि मेसचा डबा ते स्वतः भरतात, त्यामुळे घरून दर महिन्याला 'यंदा तरी होतंय का' असा फोन येत नाही.